दुसरीच्या हातचे टाके

आमच्या दुकानात तिला सगळे टाचणी म्हणतात. गिऱ्हाइकंसुद्धा. मापं घेताना ओठांत चार-दोन टाचण्या धरायच्या आणि त्या न काढताच बोलायचं, ही तिची जुनी खोड. ओठ फारसे हलत नाहीत, पण बोललेलं बरोबर टोचतं. "कंबर कुठं वाढलीय बाई, कापडच आटलंय, असं समजू या," असं ती एखादीला म्हणते आणि ती बाई हसावं की रागवावं या विचारातच बाहेर पडते.

दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची लांबट खोली. तीन मशिनी, कापायचं टेबल, एक आरसा आणि आरशापुढे ओढायचा पडदा. मास्तर कापतात, मी नवं शिवते, टाचणी जुनं दुरुस्त करते. सैल ते घट्ट, लांब ते आखूड, थोरल्याचं धाकट्याला. हे काम आपल्याला मत्सरानं शिकवलं, असं ती स्वतःच सांगते. तीन बहिणींतली ती मधली. नवं कापड थोरलीला, लाड धाकटीचे आणि मधलीच्या वाट्याला थोरलीचं उतरलेलं.

"ताईचा फ्रॉक माझ्याकडे आला की मी आधी त्याची ओळख पुसायची," ती म्हणते. "कॉलर काढ, बाही बदल, खिसा उजवीकडचा डावीकडे लाव. तो आपला होता हे ताईलासुद्धा ओळखू येता कामा नये."

तिचा नवरा वायरमन. दुकानातली वायर जळली तेव्हा दुरुस्तीला आला होता. तो स्टुलावर आणि ही खाली बॅटरी धरून. "त्यानं दुकानातला दिवा लावला आणि माझ्या डोक्यातला घालवला," हे तिचं लग्नाबद्दलचं ठरलेलं वाक्य. लग्न मोडलं त्याला कारण म्हणावं असं कारण नव्हतं. दारू नाही, मारहाण नाही. ही बोलायची, तो गप्प बसायचा. ती आणखी बोलायची, तो आणखी गप्प. "भिंतीशी भांडलं तर निदान पोपडे तरी पडतात, ताई," ती मला म्हणायची. शेवटी दोघं वेगळे झाले. मुलगी आईकडे राहायची. शुक्रवारी बाबा तिला शाळेतून परस्पर घेऊन जायचा आणि रविवारी संध्याकाळी आणून सोडायचा. मुलीला टाचणी लाडानं गुंडी म्हणते. गोल चेहऱ्याची, बारीक डोळ्यांची, चौथीतली पोर. शिंपिणीच्या पोरीला बटणाचंच नाव शोभतं.

वायरमननं दुसरं लग्न करेपर्यंत हे सगळं बरं चाललं होतं.

नवी बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर बसायची. टाचणीनं तिला पाहिलंही नव्हतं, पण नाव ठेवून मोकळी झाली, गोळ्यावाली. नवऱ्याचं तिला फारसं दुःख नव्हतं. "घेऊन जा म्हणावं, वापरलेला माल आहे, गॅरंटी संपलीय." पण पहिल्या रविवारी गुंडी परत आली आणि सहज म्हणाली, "मावशीनं माझे केस धुतले."

टाचणीच्या हातातली कात्री थांबली.

"कोण मावशी?"

"बाबांकडची."

"मावशी म्हणजे आईची बहीण. माझ्या आईला तीन मुली झाल्या, मला पक्कं माहीत आहे. ही चौथी कुठून आली?"

मी म्हणाले, "अगं, लहान आहे ती. कुणीतरी सांगितलं असेल, म्हणत असेल." पण गुंडीचा चेहरा मी पाहिला. त्या दिवसापासून तिनं त्या बाईला कोणत्याच नावानं हाक मारली नाही. तिकडचं काही सांगायची वेळ आलीच तर "तिकडे", "त्यांनी" असं अर्धंमुर्धं. पुढे पुढे तेही नाही. टाचणी खोदून खोदून विचारायची. वेणी कुणी घातली? जेवायला कोण वाढतं? झोपताना गोष्ट कोण सांगतं? पोर म्हणायची, "कुणी नाही. बरं होतं." दर रविवारी टाचणी आधी तिच्या केसांचा वास घ्यायची, वेगळ्या साबणाचा वास आला की पाणी तापवून पुन्हा न्हाऊ घालायची. पोरीचे केस एकाच दिवसात दोनदा धुतले जायचे. ती मान खाली घालून उभी राहायची आणि एकदा डोळ्यांत साबण गेला तेव्हा आईला म्हणाली, "मला तिकडे करमत नाही."

हे वाक्य टाचणीनं दुसऱ्या दिवशी मला, मास्तरांना, दोन गिऱ्हाइकांना आणि तिच्या वकीलबाईंना सांगितलं. कारण त्याच सुमारास वायरमननं कुटुंब न्यायालयात अर्ज केला होता. मुलगी एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे राहावी असं त्याचं म्हणणं होतं.

"अर्धी पोर त्या गोळ्यावालीला देऊ?" टाचणी म्हणाली. "वर्षभरात ती पुरती तिची होईल. मुलं माणसाची नसतात ताई, सवयीची असतात."

मी रोज सकाळी देवाला हात जोडते, तेव्हा घरच्यांच्या पाठोपाठ तिच्यासाठीही मागायचे. पण काय मागावं ते मला कळेना. पोर तिच्याकडे राहू दे म्हणावं, तर बापाचं काय? म्हणून मी नुसतं "बघ रे बाबा" म्हणायचे.

मग ते स्कर्टाचं झालं.

एका रविवारी गुंडीच्या पिशवीतून शाळेचा निळा स्कर्ट निघाला आणि दुसऱ्या दिवशी टाचणी तो दुकानात घेऊन आली, मेलेलं काहीतरी धरावं तसा दोन बोटांत धरून. त्याची खालची दुमड कुणीतरी सोडली होती आणि उंची वाढवून पुन्हा हातानं शिवली होती. टाके मोठे, एक वर एक खाली, दोरा दुहेरी आणि प्रत्येक चार टाक्यांमागे एक गाठ.

"हे बघा. माझ्या पोरीच्या कपड्याला हात लावला."

मास्तरांनी चष्मा वर केला. "टाके वाईट आहेत. पण माप बरोबर दिसतंय. पोर वाढलीय."

तिथंच तिला लागलं. अख्ख्या वस्तीतल्या पोरांच्या दुमडी सोडणारी बाई ती, वाढत्या अंगाचं कसं शिवावं हे आम्हाला सांगणारी. तिच्या पोरीचे गुडघे उघडे पडलेत हे तिला दिसलं नाही, आणि दिसलं ते त्या दुसरीला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला आणि त्या बाईचा एक न् एक टाका उसवला. धागे चिमटीत गोळा करून जिन्याच्या कोपऱ्यात टाकले. मला वाटलं, आता तेवढ्याच उंचीवर नीट शिवेल. तिनं दुमड पूर्वी होती तिथंच परत नेली आणि बारीक, न दिसणाऱ्या टाक्यांनी पक्की केली.

"अगं, आखूड होतोय तो तिला," मी म्हणाले.

"माझ्या पोरीला किती लांब घालायचं ते मी ठरवीन."

पुढच्या रविवारी स्कर्ट पुन्हा लांब. तेच वाकडे टाके, या वेळी गाठी जास्त. टाचणीनं पुन्हा उसवला, पुन्हा वर नेला. पुन्हा लांब, पुन्हा आखूड. त्या घडीच्या रेघेवर सुईच्या भोकांची चाळण झाली. टाचणी मशीनवर बसून त्या बाईशी मनातल्या मनात भांडायची, ते मला तिच्या पायडलवरून कळायचं. मास्तर एकदा म्हणाले, "त्यापेक्षा नवा शिव की!" ती म्हणाली, "नवा शिवला तर ती जिंकली."

आणि मग अचानक ते थांबलं. स्कर्ट आखूड असायचा, तो आखूडच राहिला. टाचणी खूश झाली. "हरली गोळ्यावाली!" असं म्हणून तिनं त्या दिवशी आम्हाला चहा पाजला. गुंडीही शहाणी झाल्यासारखी वाटली. रविवारी आल्या आल्या पिशवी स्वतः रिकामी करायची, शाळेचे कपडे स्वतः घडी घालून फळीवर ठेवायची. टाचणी सकाळी लवकर दुकानात यायची, पोर आपली आपण तयार होऊन शाळेला जायची. "बघा, माझं वळण," टाचणी म्हणायची. मीही कौतुक केलं.

न्यायालयातल्या समुपदेशक मॅडमनी दोघांना आणि मुलीला बोलावलं, तेव्हा सोबत म्हणून टाचणीनं मला नेलं. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाकं, भिंतीवर कुणा मुलांनी काढलेली चित्रं. आम्ही एका बाकावर, समोरच्या बाकावर वायरमन आणि त्याची बायको.

टाचणीनं तिला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मीही. वयानं टाचणीपेक्षा थोडी मोठीच असेल. जाड भिंगाचा चष्मा, रुंद हात, साधा चेहरा. बसस्टॉपवर शेजारी उभी राहिली तर आठवणारही नाही अशी.

"ही?" टाचणी माझ्या कानात म्हणाली. तिचा आवाज फाटल्यासारखा झाला होता. मला आधी वाटलं, तिला बरं वाटेल. पण उलटंच झालं. ती बाई देखणी असती तर नवऱ्याला दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. आता तिला शोधत बसावं लागणार होतं की या बाईत असं काय आहे. टाचणी तिच्याकडे बघत राहिली. चपला बघितल्या, नखं बघितली, पदराची पिन बघितली. बघण्यात एवढी गुंतली की पोर काय करतेय तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

गुंडी शाळेच्या कपड्यांतच होती. ती एकदा आईकडे बघायची, एकदा समोर. मग म्हणाली, "मी बाथरूमला जाऊन येते." आली तेव्हा तिचा स्कर्ट विचित्र दिसत होता. आमच्या बाजूनं वर, पलीकडच्या बाजूनं खाली. मी म्हणणारच होते की शिलाई निघालीय वाटतं, तेवढ्यात मॅडमनी तिला आत बोलावलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. मॅडम शांत स्वभावाच्या, पिकल्या केसांच्या. त्यांनी विचारलं, "कुणाकडे स्वच्छ रुमाल आहे?" गुंडीच्या गुडघ्यावरून रक्ताची बारीक रेघ आली होती. माझ्याकडे रुमाल होता, मी दिला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मुलीजवळ थांबा. आई-बाबा, तुम्ही दोघं आत या."

दार लागलं. बाकावर मी आणि गुंडी, आणि समोर ती बाई. ती उठून आली आणि माझ्यापुढे अवघडून उभी राहिली.

"मी बघू का जरा?" तिनं मला विचारलं, जणू पोरीची मालकीण मीच.

मी सरकून जागा दिली. ती फरशीवर गुडघे टेकून बसली आणि स्कर्टाची कड उलटवली. आत टाचण्याच टाचण्या. आमच्या दुकानातल्या, रंगीत डोक्यांच्या. टाचणीची शिलाई उसवलेली होती आणि अर्धा घेर टाचण्यांवर वर धरलेला होता. त्यातलीच एक बसताना गुडघ्यात गेली होती. आजूबाजूला जुने, वाळलेले ओरखडे.

"कुणी लावल्या या?"

"मी," गुंडी म्हणाली.

"का गं?"

पोर माझ्याकडे बघून बोलली, तिच्याकडे नाही. "आईकडे जाताना वर करते. बाबांकडे जाताना काढते. खाली असलं की आई उसवते. वर असलं की..." ती थांबली. "आज दोघंही होते. म्हणून मग अर्धं अर्धं केलं."

त्या बाईनं चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "मला वाटायचं, माझेच टाके टिकत नाहीत, म्हणून तिची आई जुन्या घडीवर परत शिवते," ती म्हणाली. "मला कुठं शिवता येतं नीट? म्हणून दर वेळी आणखी गाठी मारायची."

म्हणजे भांडण म्हणून जे काही चाललं होतं ते एकट्या टाचणीनंच चालवलं होतं. पलीकडच्या बाजूला कुणी नव्हतंच.

ती टाचण्या काढायला लागली. एका हातानं कापड धरायचं, दुसऱ्यानं टाचणी ओढायची, मग काढलेली ठेवायची कुठं? तिनं ती ओठांत धरली. मग दुसरी. मग तिसरी. आणि तेवढ्यात आतलं दार उघडलं.

आत काय झालं ते टाचणीनं मला नंतर बसमध्ये सांगितलं. तिनं बसल्या बसल्या आपलं हुकमी वाक्य टाकलं होतं, "माझी पोर म्हणते, मला तिकडे करमत नाही." यावर जन्मात न बोलणारा वायरमन बोलला, "मलाही तेच म्हणते. इकडे आली की म्हणते, आईकडे करमत नाही."

"खोटं!" टाचणी म्हणाली.

मॅडम म्हणाल्या, "खोटं नाही, आणि खरंही नाही. तिला दोन्हीकडे करमतं. पण समोरच्याला काय ऐकायचंय ते तिला कळतं, म्हणून ती तेवढंच बोलते. मुलाला दोन घरं जड जात नाहीत हो. एका घरात दुसरं घर लपवावं लागतं, ते जड जातं." मग त्यांनी टाचण्यांचं सांगितलं.

"मला एवढंच कळलं ताई," टाचणी बसच्या खिडकीकडे बघत म्हणाली, "की मी थोरलीच्या फ्रॉकाची ओळख पुसायची, तशी माझी पोर आता स्वतःचीच पुसतेय."

पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी दारात उभ्या राहिलेल्या टाचणीला दिसलं ते इतकंच: आपली पोर बाकावर बसलीय, पायाशी ती बाई आहे, आणि तिच्या ओठांत टाचण्या आहेत. नवरा नेला, पोरीचे केस नेले, उंची नेली, आता तर टाचणीची स्वतःची खोडसुद्धा त्या बाईच्या तोंडात होती. टाचणीचा चेहरा असा झाला की मी मनात देवाचं नाव घेतलं. गुंडीनं दोन्ही हातांनी स्कर्ट झाकायचा प्रयत्न केला.

टाचणी पुढे आली आणि हात पसरला.

"तोंडात धरू नका," ती म्हणाली. "सवय नसली की गिळतो माणूस."

त्या बाईनं टाचण्या तिच्या तळहातावर काढून ठेवल्या, ओल्याच. टाचणीनं त्या पदराला पुसल्या. थोड्या जोरातच पुसल्या, ते खरं. मग ती खाली वाकली आणि उरलेल्या स्वतः काढल्या. घेर पुरता खाली आला. गुडघे झाकले गेले.

पुढच्या तारखेला टाचणीनं आठवडा-आठवड्याला होकार दिला. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "आणखी काही म्हणायचंय?"

"हो. पोरीचे कपडे मीच शिवणार. दोन्ही घरचे."

कुणीतरी हसलं. ते काही निकालात लिहिलं गेलं नाही, पण वायरमननं मान हलवली आणि मागून ती बाई म्हणाली, "सुटले बाई मी!"

पहिला रिकामा आठवडा टाचणीला फार जड गेला. सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसायची आणि मास्तरांच्या आधी मशीन सुरू करायची. तिनं गुंडीला निळा स्कर्ट नवा शिवला, आत चार बोटं वाढतं कापड ठेवून. शिवाय फ्रॉक, परकर, झोपायचे कपडे. मी म्हटलं, "एवढे कशाला?" तर म्हणाली, "माझे पहारेकरी आहेत ते. तिच्या घरात मला जाता येत नाही, कपाटात तरी असू दे मी." आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई, तिच्या हातात काही विशेष होतं का हो? तुम्ही जवळून पाहिलंत."

"हात होते गं, हातासारखे."

"रुंद होते," ती म्हणाली. "पोरींना रुंद हात आवडतात." आणि पायडल जोरात मारायला लागली.

असे काही महिने गेले. मत्सर काही गेला नाही. तो असा उसवून टाकता येत नाही. तिकडून पोर आली की टाचणी अजून तिच्या केसांचा वास घेते, पण पुन्हा न्हाऊ घालत नाही. नाक मात्र मुरडते.

परवा गुंडी तिकडचा आठवडा संपवून शाळेतून थेट दुकानात आली. मी बटणांची काजं करत होते, टाचणी एका पँटचा पाय आखूड करत होती. पोरीनं दप्तर ठेवलं आणि एक हात छातीशी धरून उभी राहिली, शर्टाच्या तिसऱ्या बटणावर.

"हात काढ," टाचणी म्हणाली.

पोरीनं हळूच हात काढला. पांढऱ्या शर्टावर बटण लावलं होतं पोपटी दोऱ्यानं. इतका दोरा गुंडाळला होता की बटणापेक्षा गाठच मोठी.

टाचणीनं ब्लेडचा तुकडा उचलला. मास्तरांची कात्री थांबली. मीही सुई थांबवली.

"कुणी लावलं?"

गुंडीनं आईकडे पाहिलं, ब्लेडकडे पाहिलं. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो शब्द तिच्या तोंडून आला, "मावशीनं. काल शाळेत तुटलं होतं. मी म्हटलं आई लावेल, पण आज उघडंच राहिलं असतं ना दिवसभर..."

टाचणीनं बटण चिमटीत धरून ओढलं. एकदा, दोनदा. जोर लावून ओढलं. ते जागचं हललं नाही.

तिनं ब्लेड टेबलावर ठेवलं.

"पक्कं आहे," ती म्हणाली. "पण दोरा काय निवडलाय, पोपटी! डोळे आहेत की काजं? सांग तुझ्या मावशीला, पांढऱ्यावर पांढरा लावतात म्हणावं."

"सांगते!" गुंडी म्हणाली आणि पडद्यामागच्या आरशात स्वतःचं बटण बघायला पळाली.

टाचणीनं तिच्याकडे पाठ केली, डबीतून चार टाचण्या घेतल्या आणि ओठांत धरल्या. त्या संध्याकाळी जेवढी गिऱ्हाइकं आली, त्यातलं एकही तिच्या टोचण्यातून सुटलं नाही.